घोड्यासह

फाइलमध्ये कामाचा कागद एकच, १९३१ चा,
शाई चहाच्या रंगाची झालेली:
"रास्किनेन यांच्या घराला खालच्या कुरणातून
तळ्याकाठच्या दगडापर्यंत वहिवाट,
पाण्यासाठी, घोड्यासह."
रुंदी लिहिलेली नाही. घोडा केवढा असतो
ते तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मोजणी खात्यातला माणूस.
वासा शहरापासून दोन तास गाडी,
मागे तिपाई, खांब, डब्यात खारवलेला मासा.

आउनेबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात दोन जस्ती बादल्या.
शनिवारच्या सौनाला नळाचं पाणी चालत नाही, म्हणाल्या,
त्याची वाफ अंगाला ओळखत नाही.
ओस्मो टाम्पेरेहून आलेला, जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेला.
कुरण विकत घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात
दोन बर्चांच्या मध्ये साखळी, कुलूप, पाटी.
पाटीवर एकच शब्द.
दोन उन्हाळे बाई त्या साखळीखालून जात होत्या:
आधी बादल्या सरकवायच्या,
मग स्वतःला.

आम्ही तिघं दगडाशी उभे राहिलो.
अडचण अशी, की दगडाशी पाणीच नव्हतं.
आमच्याकडे जमीन अजून वर येते आहे.
बर्फाचं ओझं उतरून दहा हजार वर्षं झाली
तरी तिची पाठ सरळ होतेच आहे,
आणि तळं पाय पोटाशी घेत घेत मागे सरकलंय.
दगडापासून पाणी सतरा पावलं.

हक्क दगडापर्यंत, ओस्मो म्हणाला, पुढे नाही.
आणि नुसत्या माणसाचा नाही. घोड्यासह. नीट वाचा.
घोडा कुठाय?

बाई काही बोलल्या नाहीत.
मी म्हटलं, गुरुवारी खांब रोवायला येतो.

गुरुवारी त्या घोडी घेऊन आल्या.
घोडेस्वारीच्या शाळेतून, तासाला अठ्ठावीस युरो,
तांबूस, जाड मानेची, कपाळावर पिवळट झुलपं.
साखळीशी येऊन थांबली.
बाई वाकू शकतात. घोडी वाकत नाही.
ती नुसती उभी राहिली, फुरफुरत, कान हलवत,
वकिलाची तीन पत्रं जिथे उभी राहू शकली नव्हती तिथे.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात.
आम्ही जानेवारीत ते करवतीने कापतो,
ठोकळे काढून कडेला रचतो.
थंडी पुरेशी असली की झालं,
आणि या दोघांकडे ती दोन वर्षं होती.

ओस्मो किल्ली आणायला गेला.
मग तेल आणायला गेला, कुलूप गंजलं होतं.
साखळी गवतात पडली.

घोडीने कागद वाचलेला नव्हता.
दगड मागे टाकून ती सरळ तळ्यात गेली,
गुडघ्यापर्यंत,
आणि पीत राहिली. पीतच राहिली.
मी मोजून घेतलं: पोटाच्या दोन्ही बाजूंना
डासांपुरती जागा सोडून, एक मीटर दहा.

परतताना, दगड आणि पाणी यांच्या बरोब्बर मध्ये,
जिथे कागदही संपतो आणि तळंही,
तिने शेपूट उचलली.

बटाट्यांना चांगलं असतं, ओस्मो म्हणाला.
घोडी माझी आहे, आउनेबाई म्हणाल्या.
तासापुरती. आणि जमीन…
जमीन सगळ्या गावाची.
त्याने फावडं आणलं.
त्यांनी बादली पुढे केली, मग मागे घेतली:
ही सौनाची.
मग तुमची दुसरी आणा की, तो म्हणाला.
दुसरीही सौनाचीच.

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
घोडीचा लगाम कुणीतरी धरायला हवा होता,
तो धरून मी उभा राहिलो.
तास केव्हाच उलटून गेला होता.